वहिनीचा नॉर्मल रिपोर्ट

तारीख ९, मंगळवार
जेवणाच्या सुट्टीत

दादास नमस्कार,

नाही सोडली नोकरी. हे आधी लिहितो, कारण पाकिटावरचं माझं अक्षर बघूनच तू म्हणाला असशील, "झालं, हीपण सोडली." पाच महिने झाले, त्याच ठिकाणी आहे. फोनवर माझं ऐकून घ्यायच्या आत तू "काम कर काम" म्हणून ठेवतोस. तीन वेळा ठेवलास. म्हणून कागद घेऊन बसलो. मधेच बाजूला ठेवलास तरी कागद बोलायचा थांबत नाही.

वहिनीच्या डोकेदुखीवरून आपलं जे झालं ते मी विसरलेलो नाही. "नळाला पाणी येत नसेल तर चोंदलेल्या जागेवर मी बोट ठेवून दाखवतो. हिच्या डोक्यात कुठे चोंदलंय ते दाखवा, मग मानतो." तुझेच शब्द. चार माणसांत बोललास आणि वहिनी उठून आत गेली. तर आता ऐक. दाखवणाऱ्या लोकांतच येऊन पडलोय मी.

माझं काम सांगतो. हॉस्पिटलात तळमजल्याला एक खोली आहे आणि तिच्यात जवळजवळ खोलीएवढंच चुंबक. माणसाला फळीवर आडवं करून त्याच्या बोगद्यात सरकवतात. मी दारात. येणाऱ्याच्या किल्ल्या, पट्टा, केसांतल्या पिना, कानातलं, सगळं काढून ट्रेमध्ये घ्यायचं, कानात बोळे घालायचे, हातात रबरी फुगा द्यायचा, घाबरला तर दाबायला. फरशीपण मीच पुसतो, प्लॅस्टिकच्या बादलीनं. माझ्या आधीचा माणूस लोखंडी बादली घेऊन आत गेला. बादली त्याच्या हातातून सुटली ती उडत जाऊन बोगद्याच्या तोंडावर अशी बसली की काढायला दोन दिवस लागले. तो माणूस आता कुठे असतो कुणाला माहीत नाही. बादली मात्र नव्या लोकांना दाखवायला ठेवलीय, चेपलेली.

मशीन चालवणाऱ्याला सगळे मास्तर म्हणतात, कारण त्यांचं साधं बोलणंसुद्धा पट्टीनं मारल्यासारखं लागतं. आणि एक डॉक्टर मॅडम आहेत, त्यांचा अभ्यास चाललाय. कशावर, तर डोकेदुखीवर. अर्धशिशी, पण साधी नाही. महिन्यातले पंधराच्या वर दिवस जी माणसाला सोडत नाही, महिनोन्‌महिने, तिच्यावर. दादा, त्यासाठी एवढं मोठं मशीन. रोज तीन-चार जण येतात, काळे चष्मे लावून, भिंतीचा आधार घेत. एक शिंपी आहे, एक शाळेतल्या बाई आहेत, आणि एक तर गडी असा की दारातून तिरका होऊन आत येतो. दार जरा आपटलं की डोळे गच्च मिटतो, पाणी येतं त्याच्या डोळ्यांतून. त्याला नाटकी म्हणून बघ एकदा तू.

आता मुद्द्याचं. हे लोक मेंदूतलं रक्त मोजतात. सुई नाही, रंग नाही. आपण टाकीत रंग टाकून गळती शोधायचो ना, कोणत्या भिंतीतून रंगीत पाणी येतं ते बघायचो, तसंच. फक्त हे गळ्यातून वर चाललेल्या रक्तावर चुंबकानंच खूण करतात. "एक, दोन" म्हणेपर्यंत ती खूण मेंदूत पोचते, की फोटो. मग खूण न करता एक फोटो. दोन्हींची वजाबाकी. जे उरलं ते रक्त, कुठे किती पोचलं ते. पहिल्यांदा पडद्यावर बघितलं तेव्हा मी तसाच उभा राहिलो. मास्तर म्हणाले, "तोंड मिट, माशी जाईल." पण पुढचे दोन दिवस मला दुसरं काही सुचेना. लोकांच्या किल्ल्या घेताना मी त्यांच्या कपाळाकडेच बघत होतो, की आत या मिनिटाला कुठून कुठे काय धावत असेल.

सहावीत शाळा सोडलेला मी, आणि मला आता माणसाच्या डोक्यातली लाइन कळते. हसू नकोस.

सोबत एक चित्र पाठवतोय. डोकेदुखीवाल्या माणसाचं आहे. नाव विचारू नकोस, सांगायची बंदी आहे. लाल तिथे रक्त जास्त, निळं तिथे कमी. मागच्या बाजूला डावीकडे निळा डाग दिसतोय बघ, बोटाच्या पेराएवढा. तुला चोंदलेली जागा हवी होती ना, घे.

वहिनीला दाखव. पण मी पाठवलं म्हणू नकोस, तूच कुठून तरी मिळवलंस म्हण. तिला बरं वाटेल.

छोटीला पापा. मास्तर घड्याळ बघतायत.

तुझा धाकटा

*

तारीख २८, रविवार
खोलीवर, सकाळपासून हेच लिहितोय

दादास नमस्कार,

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बायकोला माहेरी सोडून आलेला माणूस मी पहिल्यांदाच बघतोय. लोक नॉर्मल आला की सुटलो म्हणतात. तू मात्र चोर सापडल्यासारखा नाचतोयस.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. इतकं लांब पत्र तू जन्मात लिहिलं नव्हतंस. पाइपला आटे पाडायचं मशीन घ्यायला साठवलेले पैसे मोडलेस, वहिनीला घेऊन शहरात गेलास, तिच्या डोक्याचा फोटो काढलास. इथवर वाचलं तेव्हा मी जिन्यातच बसलो, म्हटलं माझा दादा सोन्याचा आहे. मग पुढचं. फोटो काळापांढरा आला, निळं कुठे काही नाही, डॉक्टरनं खाली नॉर्मल लिहिलं. तू माझं चित्र आणि तिचा फोटो शेजारी शेजारी धरलास आणि तिला म्हणालास, "हे बघ आजारी माणसाचं डोकं, आणि हे बघ तुझं." दुसऱ्या दिवशी तिला भावाकडे नेऊन सोडलंस, "नाटक संपलं की ये" म्हणून. आणि वर हेही, की छोटीनं आता आईचं बघून सुरू केलंय, खिडकी लावा म्हणते.

मी तसाच कामावर गेलो आणि तुझं पत्र मॅडमच्या टेबलावर ठेवलं. वाचून दाखवलं. "नाटक"वर त्यांनी चष्मा काढला.

"नॉर्मल म्हणजे गाठ नाही, रक्तस्राव नाही. चांगली बातमी आहे ही," त्या म्हणाल्या. "अर्धशिशी त्या फोटोत दिसतच नाही. अर्धशिशीच्या बहुतेक माणसांचा फोटो नॉर्मलच येतो."

"पण तुमच्या चित्रात दिसते ना? निळं?"

"कुठलं निळं?"

मी चित्राबद्दल सांगितलं. त्यांनी मास्तरांना हाक मारली. मास्तर आले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "याचंच डोकं आहे ते. निरोगी गटातला एकोणीस नंबर. हट्ट केला म्हणून एक प्रत दिली मी."

हो दादा. ते डोकं माझं होतं. अभ्यासात तुलना करायला निरोगी माणसंपण लागतात, आणि ती कमी पडत होती. मास्तरांनी मला विचारलं होतं, "तुझं दुखतं का कधी डोकं?" मी म्हटलं, "आमच्या घरात एकीचंच दुखतं." ते हसले. मी कागदावर सही केली, महिन्यातले डोकेदुखीचे दिवस शून्य लिहिले आणि फळीवर आडवा झालो. मला चित्र हवं होतं, तुझ्या तोंडावर मारायला.

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे निरोगी माणसाचं चित्र तू आजारी माणसाचं म्हणून पाठवलंस."

मी म्हटलं, "नाही मॅडम. आजारी माणसाचंच पाठवलंय."

मास्तरांनी आता कुठे माझ्याकडे बघितलं.

मग मॅडमनी समोरची खुर्ची पायानंच माझ्याकडे सरकवली. "महिन्यात किती दिवस?" मी बोटांवर मोजायला लागलो. आधी जोराचे दिवस, मग नुसते ठणकणारे. बोटं संपली. त्या म्हणाल्या, "पायाची घे." सतरा निघाले. एका बाजूनं दुखतं का, हो. उलटी होते का, हो. उजेड? हो. किती वर्षं? इथे मी थांबलो, कारण ते मी कधी मोजलंच नव्हतं. चौदा वर्षांचा असेन.

आता तू आठव. गोदामाची नोकरी मी सोडली, रंगाऱ्याकडची सोडली, बसच्या डेपोतली सोडली, तुझ्या हाताखालचं काम सोडून पळालो. तीन वर्षांत सहा ठिकाणं. तू मला उडाणटप्पू म्हणालास, पायाला भिंगरी लागलीय म्हणालास, मी ऐकून घेतलं. भिंगरी नव्हती. सकाळी उठून वेल्डिंगच्या उजेडात डोळा उघडता यायचा नाही, एकदा नाही गेलो, दुसऱ्यांदा नाही गेलो, तिसऱ्यांदा मुकादम बोलायच्या आत मीच सोडायचो. उडाणटप्पू म्हटलेलं मला चालत होतं. आपल्या घरात डोकं दुखणाऱ्याला काय म्हणतात ते मला माहीत होतं.

कारण वहिनीला नाटकी म्हणणं मीच सुरू केलं होतं. हे लिहायला मला सकाळपासून तीन कागद लागलेत. तुला आठवणार नाही, पण मला आठवतं. मी बारा वर्षांचा, घरात पाहुणे, वहिनी ओट्याशी डोकं धरून उभी. मी सगळ्यांत म्हटलं, "पाहुणे आले की वहिनीचं डोकं येतं, पाहुणे गेले की डोकं जातं." काय हसले सगळे. तूपण. मला इतकं भारी वाटलं की पुढच्या वेळी मी परत म्हटलं, आणि त्यापुढच्या वेळी लोक माझ्या आधीच म्हणायला लागले. वहिनीनं त्या रात्री माझं ताट नेहमीसारखंच वाढलं. दोन वर्षांनी माझं स्वतःचं सुरू झालं, तेव्हा मी कुणाला सांगणार होतो?

आणि गंमत ऐक. मॅडमकडे प्रश्नांची यादी असते: झोप मोडली का, जेवण चुकलं का, धुरात किंवा उन्हात उभे होतात का. यांनी दुखणं उठतं म्हणे. पाहुणे आले की वहिनी पहाटे चारला उठायची, सगळ्यांच्या शेवटी जेवायची, कधी उरायचंच नाही. म्हणजे मी बोललो ते अगदी बरोबर होतं. पाहुणे आले की तिचं डोकं दुखायचंच. बरोबर बघितलं आणि वाट्टेल तो अर्थ लावला.

तू म्हणशील, मग चित्रातला निळा डाग तरी खरा की नाही? हेच मी विचारलं, आणि इथे माझी पार पंचाईत झाली. मॅडमनी पडद्यावर एका निरोगी माणसाचं चित्र काढलं. त्यातही लाल, त्यातही निळं. रंग तर कॉम्प्युटर भरतो. म्हणाल्या, "एका माणसाच्या चित्रावरून मी काही सांगू शकत नाही. आजारी शंभर आणि निरोगी शंभर यांची सरासरी काढली की मग काही जागी फरक दिसतो, कुठे जास्त रक्त, कुठे कमी. तोही थोडा. आणि रक्त बदलल्यानं डोकं दुखतं की वर्षानुवर्षं दुखून रक्त बदलतं, ते आम्हालाच अजून शोधायचंय." माझा तोंडावर मारायचा पुरावा गेला. तुझाही गेला, हे लक्षात घे. आपण दोघं चित्रं हातात घेऊन भांडत होतो आणि चित्रांना काही बोलायचंच नव्हतं.

तर आता तू म्हणणार, दिसत नाही तर मी मानू कशाला. मला माहीत आहे तू हेच म्हणणार, म्हणून तीन दिवस कामावर फरशी पुसताना मी उत्तर शोधत होतो. सापडलं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या म्हाताऱ्या बाई आठवतात का तुला? "नळाला धार नाही" म्हणून रोज बोलवायच्या. आपण अकराला जायचो, धार फर्स्टक्लास. मी म्हटलं, म्हातारीला एकटं करमत नाही, म्हणून बोलावते. तू मला काय म्हणालास? "गिऱ्हाईक खोटं बोलत नसतं. आपण चुकीच्या वेळी येतो. उद्या सहाला येऊ." आणि सहाला गेलो तर नळ कोरडा. खालचे सगळे त्याच वेळी पाणी भरायचे. तू त्या बाईंना एकदाही चोंदलेली जागा दाखवा म्हणाला नाहीस. त्यांचं ऐकलंस आणि त्यांच्या वेळेला गेलास. दादा, परक्या बाईच्या नळासाठी तू पहाटे उठलास. वहिनीकडे सहाला कधी गेला होतास?

आणि छोटी आईचं बघून शिकली म्हणतोस. माझं आणि वहिनीचं रक्ताचं नातं नाही, मग मी कुणाचं बघून शिकलो? मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, बऱ्याचदा घराण्यातच असतं. आपली आई दुपारी दार लावून, कपाळाला ओला पंचा बांधून पडायची. तू बाहेर बसून मला गप्प करायचास. तेव्हा तू चौदा-पंधरा वर्षांचा होतास आणि तिला नाटकी म्हणाला नव्हतास. म्हणून छोटीनं खिडकी लावा म्हटलं तर लाव. तिला शहाणपणा शिकवू नकोस.

रागावू नकोस, मी आता खुशीत आहे, आणि ते का ते सांगायचं राहिलंच. मॅडमनी माझा एकोणीस नंबर काढून टाकला. माझ्या शून्यापायी त्यांना सगळे आकडे परत मांडावे लागणार, आणि त्या चिडल्या होत्या. मला खाली मान घालून ऐकावं लागलं. "तर मग मी सोडतो नोकरी," हे सवयीनं माझ्या तोंडावर आलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "पळायचं नाही. शुक्रवारी नऊला तपासायला ये." गेलो. मेंदूच्या डॉक्टरांनी तासभर तपासलं. मी रोज दोन-तीन गोळ्या खात होतो, कुठल्याही दुकानातून घेऊन. तर जास्त गोळ्यांनीच डोकं जास्त दुखायला लागतं म्हणे, ऐक आता. त्या हळूहळू बंद करायला सांगितल्यात आणि दुखणं येऊच नये म्हणून रोजचं औषध दिलंय. लागू पडायला दोन-तीन महिने लागतील, पहिलं नाही चाललं तर दुसरं आहे, तिसरं आहे. औषधं आहेत दादा. इतकी वर्षं मला वाटत होतं की ही माझी खोड आहे. तिला नाव आहे, औषध आहे, तिच्यासाठी खोलीएवढं मशीन आहे. शुक्रवारी परत येताना मी दोन स्टॉप आधीच उतरलो आणि खोलीपर्यंत चालत आलो, बसून राहवेना. मास्तरांना सांगितलं तर ते म्हणाले, "आजारी पडल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदा बघतोय." आणि त्या दिवसापासून दार आपटायचं तेवढं बंद केलंय त्यांनी.

वहिनीबद्दल मॅडम न बघता काही बोलायला तयार नाहीत. पण एवढं म्हणाल्या, की तिला मेंदूच्या डॉक्टरकडे न्या, आणि जाण्याआधी महिनाभर वहीत लिहा: कोणत्या दिवशी दुखलं, किती तास, झोप किती, जेवण केव्हा, गोळी कोणती. ती वही डॉक्टरला फोटोपेक्षा उपयोगी पडते. वही तू लिहायची. ती दुखण्यात असताना तिनं कसं लिहायचं? पण त्याच्या आधी तिच्या भावाच्या दारात तुला उभं राहावं लागेल, आणि ते चित्र धाकट्याचं होतं हे तिला सांगावं लागेल. तो पाहुण्यांचा विनोद माझा होता, हे मी तिला वेगळ्या पत्रात लिहिलंय, आजच टाकतोय. माफ करायचं की नाही ते ती बघेल. तुझ्याबरोबर यायचं की नाही तेही तीच ठरवेल. मधे बोलू नकोस, नुसता बस.

तुझ्या मशीनसाठी मी या महिन्यात पैसे देणार होतो. ते आता डॉक्टरसाठी आणि जायच्या-यायच्या भाड्यासाठी आहेत आणि तुझ्या नावावर नाहीत, तिच्या नावावर आहेत, तिच्या भावाच्या पत्त्यावर. तुला बघायचे असतील तर तिथे जावं लागेल.

छोटीला पापा. तिची खिडकी लाव.

तुझा धाकटा, एकोणीस नंबरातून काढलेला

वहिनीच्या नावावर पाठवलेले: सहा हजार चारशे.